१,४४० मते म्हणजे किती? अभिरूप निवडणुकीची बातमी आणि सहावीचा वर्ग

बातमी अशी आहे:

विद्यार्थ्यांचा कौल 'क' पक्षाला

सार्वत्रिक निवडणुकीला दोन दिवस उरले असताना १२ शाळांतील विद्यार्थ्यांनी अभिरूप मतदानातून आपला कौल दिला. ४,८०० पैकी ३,६०० विद्यार्थ्यांनी मतदानाचा हक्क बजावला. मतमोजणीच्या पहिल्या फेरीत आघाडीवर असलेल्या 'ख' पक्षाला मागे टाकत 'क' पक्षाने जोरदार मुसंडी मारली आणि १,४४० मते मिळवून बाजी मारली. 'ख' पक्षाला १,२६०, तर 'ग' पक्षाला ७५६ मतांवर समाधान मानावे लागले. १४४ मते बाद ठरली. गेल्या वेळी ६० टक्के मतदान झाले होते. यंदा त्यात १५ टक्क्यांनी वाढ झाली. "आम्ही लहान असलो तरी आमच्या मताला किंमत आहे," असे एका विद्यार्थिनीने सांगितले.

ही बातमी अभ्यासासाठी रचलेली आहे आणि आकडे हिशेबाला सोपे जावेत असे घेतले आहेत. भाषा मात्र मुद्दाम रोजच्या बातमीचीच ठेवली आहे. वाचणारा वर्ग सहावीचा धरला आहे: ३६ मुले, वय ११-१२, शेकडेवारी नुकतीच शिकलेली. हाताशी ४० मिनिटांच्या दोन तासिका.

एवढी बातमी मुले घडाघडा वाचतात. अवघड शब्द सांगा म्हटले की बहुधा दोनच पुढे येतात, 'अभिरूप' आणि 'सार्वत्रिक'. त्यांचे अर्थ फळ्यावर लिहून दिले की शिक्षकालाही वाटते आणि मुलांनाही वाटते, की झाले, समजली बातमी. मग बातमी झाकून "काय घडले ते एका वाक्यात लिहा" म्हटले, की चिठ्ठ्यांवर अशी वाक्ये उतरतात:

'क' पक्ष निवडून आला.
बहुतेक मुलांनी 'क' पक्षाला मत दिले.
आता 'क' पक्षाचे सरकार येणार.
मुलांना मतदानाचा हक्क मिळाला.

चारही चुकीची. पण यातले एकही वाक्य मुलांनी हवेतून आणलेले नाही. प्रत्येकाचे मूळ बातमीतल्या कुठल्या ना कुठल्या शब्दात सापडते. म्हणून या प्रकरणात अवघड शब्दांची यादी बाजूला ठेवली आहे. मुले अडखळतात ती ओळखीच्या शब्दांवर आणि 'कितीपैकी किती' या प्रश्नावर. दोन्ही तासिका त्यावरच खर्च करायच्या.

पहिली तासिका: ओळखीचे शब्द

पहिली ५ मिनिटे मूकवाचन, पुढची ५ मिनिटे वर सांगितलेली चिठ्ठी. चिठ्ठीवर नाव नको. नाव असले की मुले सावध होतात, बातमीतलेच वाक्य आठवून जसेच्या तसे उतरवतात आणि मग त्यातून काहीच कळत नाही. चिठ्ठ्या गोळा करून त्यांचे तीन ढीग करायचे: निवडणूक खरी समजलेले, आकडे चुकवलेले आणि बरोबर. किती चिठ्ठ्या कुठल्या ढिगात आल्या ते फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवावे. दुसऱ्या तासिकेच्या शेवटी ते लागणार आहे.

मग चार-चार मुलांचे नऊ गट. प्रत्येक गटाला बातमीची एक प्रत आणि एक काम: असे शब्द शोधा, जे तुम्हाला माहीत आहेत, पण इथे वेगळ्याच अर्थाने आले आहेत. सुरुवातीला मुले गोंधळतात, म्हणून एक शब्द शिक्षकाने करून दाखवावा. 'कौल' उत्तम. कौल म्हणजे छपरावरचे कौल, हे बहुतेकांना ठाऊक असते. देवाला कौल लावणे काहींनी ऐकलेले असते. विचारले आणि उत्तर मिळाले, हा तिथला अर्थ. निवडणुकीतला कौल त्याच्या जवळचा आहे. एवढे सांगितले की पुढचे शब्द मुले स्वतःच काढतात.

'मत' हा त्यातला सर्वात महत्त्वाचा. "माझे मत असे आहे" यातले मत आणि "मी मत दिले" यातले मत हे दोन वेगळे व्यवहार आहेत. पहिल्याला कारण द्यावे लागते, ते उघड बोलले जाते, वाद घालून बदलताही येते. दुसरे गुप्त असते, त्याला कारण लागत नाही आणि पेटीत पडले की परत घेता येत नाही. आता त्या विद्यार्थिनीचे वाक्य पुन्हा वाचायला लावा: "आमच्या मताला किंमत आहे." यातले मत कोणते? दोन्ही अर्थ बसतात, म्हणूनच ते वाक्य बातमीत छान वाटते. पेटीतल्या मताने सरकार बदलणार नाही. मनातल्या मताचे वजन वेगळ्या प्रकारचे आहे. यावर गटात वाद होऊ द्यावा, घाई करू नये. शिवाय हे वाक्य ३,६०० जणांपैकी एकीचे आहे, हेही इथेच दाखवून द्यावे.

'आघाडी' म्हणजे पुढे असणे आणि आघाडी म्हणजे पक्षांनी केलेली युती. "ख आघाडीवर असलेला" हे वाचून काही मुलांना 'ख' आणखी कुणाशी तरी मिळालेला आहे असे वाटते. 'बाद' म्हटले की क्रिकेट आठवते, त्यामुळे बाद झालेले १४४ म्हणजे हरलेली मुले असा समज होतो. बाद होते ती मतपत्रिका, मतदार नव्हे: दोन चौकोनांत खूण, कुठेच खूण नाही, किंवा खूण अशी की कुणाला दिले ते ठरवता येत नाही.

'हक्क बजावला' याकडे मोठ्यांचेही लक्ष जात नाही. वर्षानुवर्षे छापून हे शब्द इतके गुळगुळीत झाले आहेत, की मतदान म्हटले की लेखणीतून आपोआप उतरतात. पण या मुलांना तो हक्कच नाही. म्हणून तर मतदान अभिरूप आहे. चौथ्या चुकीच्या चिठ्ठीचे मूळ या दोन शब्दांत आहे. मुलांना ते शब्द खोडून दुसरे लिहायला सांगावे. 'मतदानात भाग घेतला' एवढे पुरते.

आता राहिला 'अभिरूप'. अर्थ सांगताना लुटुपुटूची, खोटी खोटी असे शब्द तोंडाशी येतात आणि मुलांना ते लगेच पटतात. तरी ते जपून वापरावेत. लुटुपुटूचे म्हटले की 'मग त्याला काय अर्थ' ही भावना येते आणि बातमी कशाला छापली तेच कळेनासे होते. मतपत्रिका, पेटी, गुप्तता, मोजणी हे सगळे खऱ्यासारखेच असते. फक्त निकालाने कुणालाही पद मिळत नाही. एवढा एक फरक सांगितला की पुरे.

मुले आणखी एक सरमिसळ करतात, तीही इथेच सोडवावी. वर्ग प्रतिनिधी निवडतो ती निवडणूक लहान असली तरी खरी असते, कारण निवडून आलेल्या मुलाला काम मिळते. देशातल्या खऱ्या पक्षांवर मुले मतदान करतात ते समांतर मतदान. आणि काल्पनिक उमेदवार उभे करून केलेला तो सराव. आपली बातमी दुसऱ्या प्रकारची आहे. शाळेत प्रतिनिधी निवडलेल्या मुलांना बातमी वाचताना नेमका पहिला प्रकार आठवतो, आणि "क निवडून आला" हे वाक्य तिथून येते.

फेऱ्यांची शर्यत

'मुसंडी', 'मागे टाकत', 'बाजी मारली', 'समाधान मानावे लागले'. सगळी भाषा शर्यतीची आहे. ती वाचताना मुलांच्या डोळ्यांसमोर 'ख' पुढे पळतोय आणि 'क' मागून येऊन त्याला गाठतोय असे चित्र उभे राहते. मग एक मूल हमखास विचारते: "पहिल्या फेरीनंतर 'क' ने असे काय केले?"

प्रश्न फार चांगला आहे आणि उत्तर आहे: काहीच नाही. मोजणी सुरू होण्याआधीच सगळी मते पेट्यांत पडलेली होती. कुणाला किती मते, हे तेव्हाच ठरले होते. फक्त ते कुणाला माहीत नव्हते. पहिल्या फेरीत ज्या शाळांच्या पेट्या उघडल्या तिथे 'ख' ला जास्त मते होती, इतकेच. दुसऱ्या शाळांच्या पेट्या आधी उघडल्या असत्या तर पहिल्यापासून 'क' पुढे दिसला असता.

हे सांगून पटत नाही, करून पटते. ३० कागदी गोळ्या घ्या, १६ निळ्या आणि १४ पिवळ्या. सर्वांसमोर मोजून एका डब्यात १० पिवळ्या व २ निळ्या, दुसऱ्यात ४ पिवळ्या व १४ निळ्या टाका. पहिला डबा आधी उघडला की पिवळा १०-२ असा पुढे, आणि दुसरा उघडताच निळा १६-१४ असा जिंकतो. डब्यांचा क्रम उलटा केला की निळा १४-४ असा पुढे राहतो आणि शेवटी पुन्हा १६-१४. तीन मिनिटांचे काम आहे. यानंतर 'मुसंडी' शब्दावर मुले स्वतःच बोट ठेवतात. मोठी माणसे निकालाच्या दिवशी पडद्यासमोर बसून फेऱ्या पाहतात तेव्हाही हेच घडत असते.

दुसरी तासिका: कागदाची पट्टी

बातमीत 'क' ला १,४४० मते आहेत. शेकडा किती? मुलांना विचारावे आणि थांबावे. काही ३० म्हणतील, काही ४०. क्वचित कुणी ४१ आणि थोडे, असे म्हणेल. तिघांचेही गणित बरोबर असू शकते, आणि या बातमीचा गाभा इथेच आहे.

प्रत्येक गटाला चौकटीच्या वहीच्या कागदाची ४८ सेंटिमीटर लांब, ३ सेंटिमीटर रुंद पट्टी द्या. एका कागदातून एवढी लांबी निघत नाही, दोन तुकडे जोडावे लागतात. चिकटवताना तुकडे एकावर एक येतात तेवढी लांबी कमी होते आणि पुढची सगळी मापे बिघडतात, म्हणून आधी जोडून मग ४८ मोजावेत. एक सेंटिमीटर म्हणजे १०० विद्यार्थी. अख्खी पट्टी म्हणजे ४,८०० जण.

डावीकडून १४.४ सेंटिमीटर 'क' साठी रंगवा. पुढे १२.६ 'ख', मग ७.५६ म्हणजे साडेसातला किंचित जास्त 'ग', आणि उरलेली १.४४ ची बारीक पट्टी बाद मतांची. बेरीज ३६. उरलेले १२ सेंटिमीटर कोरेच राहतात. हे मत न दिलेले १,२०० विद्यार्थी. बातमीत त्यांचा उल्लेख नाही, वजाबाकी केल्यावरच ते दिसतात. रंगवून झाल्यावर उजवीकडचा कोरा भाग 'ग' पेक्षा मोठा आहे आणि 'ख' पेक्षा जेमतेम लहान, हे मुलांच्या लक्षात येते. ते त्यांच्याकडूनच यावे, आपण सांगू नये.

आता तीन प्रश्न. अख्ख्या पट्टीत 'क' किती? ४८ पैकी १४.४, शेकडा ३०. कोरा भाग मागे दुमडा. ३६ पैकी १४.४, शेकडा ४०. बाद मतांची बारीक पट्टीही दुमडा. ३४.५६ पैकी १४.४, शेकडा सुमारे ४१.७. 'क' चा रंगवलेला भाग तसूभरही बदलला नाही, तरी त्याचा वाटा दोनदा वाढला. दुमडताना हाताला जाणवते की वाटा वाढतो तो पट्टी आखूड झाल्यामुळे. 'शेकडा' ऐकले की 'कशाच्या शेकडा?' हे विचारायची सवय इथून लावता येते.

मग पट्टी ३६ सेंटिमीटरवर दुमडून बरोबर मधोमध, १८ वर, काळी रेघ मारायची. 'क' चा रंग रेघेपर्यंत पोहोचत नाही. 'ख', 'ग' आणि बाद मिळून ६० टक्के मते 'क' कडे गेलेली नाहीत. म्हणजे "बहुतेक मुलांनी 'क' ला मत दिले" हे वाक्य चूक. सर्वांत जास्त मते आणि निम्म्याहून जास्त मते या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मराठीत 'बहुमत' हा शब्द अनेकदा दोन्हींसाठी वापरला जातो. हा घोटाळा फक्त मुलांचा नाही. कॅनडाच्या २०१९ च्या संसदीय निवडणुकीत कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला ३४.३ टक्के मते आणि १२१ जागा मिळाल्या, तर लिबरल पक्षाला ३३.१ टक्के मते आणि १५७ जागा. मते कमी, जागा जास्त, आणि निम्मी मते दोघांपैकी कुणालाच नाहीत. मतदारसंघवार मोजणीत असे घडू शकते. सहावीला एवढेच सांगावे, त्याहून खोल जाऊ नये.

हे आधी अनुभवावे म्हणून वर्गातच १२ मिनिटांचे मतदान घेता येते. विषय पक्षांचा नसावा. घरात कुठल्या पक्षाचे बोलणे चालते ते मुलांच्या तोंडून बाहेर येते आणि वर्ग त्यावर विभागला जातो. 'वर्गाच्या फलकावर पुढच्या महिन्यात काय लावायचे: चित्रे, कोडी की कविता' असा साधा प्रश्न पुरे. मतपत्रिका मोजून ३६. जास्तीच्या छापून ठेवल्या की मोजणीत ३७ निघतात आणि सगळा वेळ भांडणात जातो. दप्तर उभे करून आडोसा, मतपत्रिका दोनदा घडी, पेटी रिकामी असल्याचे आधी सर्वांना दाखवणे. हात वर करून मतदान घेतले तर मुले मित्राचा हात बघून हात वर करतात. वेळ असेल तर आधी हात वर करून आणि मग गुप्त, असे दोन्ही घ्यावे आणि आकडे शेजारी लिहावेत. कुणी कुणाला मत दिले हे शिक्षकानेही विचारायचे नाही, गमतीनेसुद्धा नाही. मोजताना पाच-पाचच्या रेघा. समजा १४, १२, ९ आणि १ बाद असा निकाल आला, तर चित्रे 'जिंकली', पण ३६ पैकी २२ जणांनी चित्रांना मत दिलेले नाही. हे मुलांच्या स्वतःच्या वर्गाचे आकडे असतात, त्यामुळे पट्टीवरची काळी रेघ त्यांना चटकन कळते.

"मग खऱ्या निवडणुकीतही तेच जिंकणार ना?"

तिसऱ्या चुकीच्या चिठ्ठीचे हे मूळ. मुलांचा युक्तिवाद सरळ असतो: ३,६०० म्हणजे खूप, आणि खूप जणांना विचारले की उत्तर बरोबरच येणार. याला तोड म्हणून १९३६ सालचे उदाहरण द्यावे. अमेरिकेतल्या 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी लोकांना पत्रिका पाठवून कौल घेतला. २३ लाखांहून अधिक उत्तरे आली आणि त्यावरून लँडन हे उमेदवार जिंकतील असे साप्ताहिकाने छापले. प्रत्यक्षात तेव्हाच्या ४८ पैकी ४६ राज्ये त्यांचे प्रतिस्पर्धी रूझवेल्ट यांनी जिंकली. पत्ते घेतले होते मुख्यतः दूरध्वनी आणि मोटारी असलेल्यांच्या याद्यांमधून, आणि उत्तर पाठवायचे की नाही हेही ज्याच्या त्याच्या मर्जीवर होते. संख्या प्रचंड, पण सगळ्यांचा नमुना नव्हे.

आपल्या बातमीत तर मतदान करणारे सगळेच खऱ्या निवडणुकीचे मतदार नाहीत. शाळा १२ आहेत, पण त्या कशा निवडल्या ते लिहिलेले नाही; बहुधा ज्यांची तयारी होती त्या. तरीही मुलांचे कौल खऱ्या निकालाशी पुष्कळदा जुळतात, हेही प्रामाणिकपणे सांगावे. अमेरिकेत वर्गांसाठी मासिके काढणाऱ्या 'स्कोलॅस्टिक' या प्रकाशनाने १९४० पासून अध्यक्षपदासाठी विद्यार्थ्यांचे मतदान घेतले. २०१६ पर्यंत ते तीनदाच चुकले: १९४८, १९६० आणि २०१६. मुले घरातले बोलणे ऐकत असतात, हे त्याचे एक सरळ कारण असू शकते. पण अंदाज वर्तवणे हा अशा मतदानाचा हेतू नसतो. मतपत्रिका हातात घेऊन ठरवायला शिकणे, हा असतो.

इथे निकाल जाहीर करण्याच्या वेळेचा प्रश्न मुलांपुढे ठेवावा. जर्मनीत विद्यार्थ्यांचे असे दोन उपक्रम चालतात. १९९९ पासूनच्या 'युनिओरवाल'चा निकाल मतदानाच्या दिवशी संध्याकाळी ६ वाजता, खरी मतदान केंद्रे बंद झाल्यावरच जाहीर होतो. 'उ-१८' (म्हणजे १८ वर्षांखालील) या १९९६ साली बर्लिनमध्ये सुरू झालेल्या उपक्रमात मात्र खऱ्या निवडणुकीच्या नऊ दिवस आधी मतदान होते आणि निकालही तेव्हाच कळतो. आपल्या बातमीतला निकाल दोन दिवस आधीचा आहे. कोणती पद्धत बरी? दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखे भरपूर आहे, आणि एका उत्तरावर वर्ग आणून सोडायची गरज नाही.

शेवटची दहा मिनिटे

नवे शीर्षक लिहायचे, दहा शब्दांच्या आत. तपासताना तीनच गोष्टी पाहायच्या: मतदान खरे नव्हते हे कळते का, मतदान कुणी केले हे कळते का, आणि 'क' चा आकडा फुगवला नाही ना. "१२ शाळांच्या अभिरूप मतदानात 'क' पुढे, मते निम्म्याहून कमी" हे तिन्हींत बसते. "मुलांना 'क' आवडला" सुटसुटीत आहे, पण तिन्हींत नापास. "अभिरूप निवडणुकीत 'क' विजयी" हे दोन कसोट्यांवर तरते आणि तेवढे मान्य करावे. कोपऱ्यात लिहिलेल्या पहिल्या ढिगांच्या आकड्यांशेजारी आताचे आकडे लिहावेत. 'खरी निवडणूक' समजणाऱ्यांचा ढीग सहसा लवकर आटतो. आकड्यांचा मात्र चिवट असतो.

एक गोष्ट या दोन तासिकांत बसत नाही, आणि कोंबू नये. "१५ टक्क्यांनी वाढ" हे वाक्य. ६० चे ७५ झाले म्हणजे टक्केवारीत १५ ची भर पडली, पण ६० च्या मानाने वाढ शेकडा २५ आहे. बातमीदाराने भर सांगितली आणि शब्द वाढीचा वापरला. ज्या मुलांनी पट्टी नीट दुमडली त्यांच्यापैकी एखादे हे स्वतःच काढते आणि "सर, इथे चुकलंय" म्हणून वही घेऊन येते. त्याला दुसऱ्या दिवशीच्या गणिताच्या तासिकेत फळ्यापाशी बोलवावे, आणि पट्टीचीच युक्ती वापरायला सांगावे: ६० सेंटिमीटरची नवी पट्टी जोडायची, तिच्यापुढे १५ चा तुकडा ठेवायचा आणि तो ६० मध्ये किती वेळा बसतो ते वर्गाकडून मोजून घ्यायचे.